गडग्यातलं पेन्शन

बुधवारी दुपारी हिशेबवाल्या टॅमसिन लमनं क्लिफर्ड आयव्हसनला तीच गोष्ट चौथ्यांदा समजावून सांगितली आणि क्लिफर्डनं चौथ्यांदा मान डोलावली. स्वेलडेलच्या खोऱ्यात बोलणं कळलं नाही की मान डोलवतात. कळलं तर वाद घालतात. टॅमसिन पडली लीड्स शहरातली. तिला वाटलं, पाव्हण्याच्या डोक्यात शिरलं.

"आलं ना लक्षात, मिस्टर आयव्हसन?"

"आलं की."

"मग मला सांगा बघू तुमच्या शब्दांत."

आता हा सरळसरळ अन्याय होता. क्लिफर्डनं शेजारी बसलेल्या बायकोकडे बघितलं. ग्लेंडा खिडकीतून बाहेर बघत होती. तिला येत असूनही ती सांगणार नव्हती, हे तिच्या पाठीवरनंच दिसत होतं.

"म्हणजे असं," क्लिफर्ड म्हणाला, "की गेल्या तीन वर्षांत मी जे भरले नाहीत, ते मी भरले नाहीत म्हणून आता भरायचे."

"भरायचेच असं नाही. भरता येतात."

"सक्ती नाही?"

"नाही."

"मग इतकी वर्षं न भरल्याबद्दल कुणी ओरडणार नाही?"

"उलट, न भरल्यामुळेच तर आता भरता येतायत!"

क्लिफर्डनं पाचव्यांदा मान डोलावली.

तर झालं होतं असं. क्लिफर्ड त्रेसष्ट वर्षांचा, आणि त्यातली पंचेचाळीस वर्षं त्यानं गडगे रचले. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड, मधे बारीक चिपांची भर, की झाला दोनशे वर्षांचा बंदोबस्त. गडगे टिकले, पण गुडघे गेले. उजवा गुडघा तर पाऊस यायच्या आदल्या दिवशी बातम्या द्यायचा. अशात कुत्र्यांच्या शाम्पूत पैसा केलेल्या लंडनच्या एका गृहस्थानं वरच्या डोंगरावर घर घेतलं आणि मैलभर गडगा मागितला. हाताशी तीन गडी घेऊन क्लिफर्डनं तो वर्षात उभा केला, आणि सगळा खर्च जाऊन हातात शहाण्णव हजार पौंड राहिले. एवढी रक्कम त्यानं आधी फक्त दुसऱ्याच्या गायीच्या लिलावात ऐकली होती.

ग्लेंडा म्हणाली, हे पेन्शनमधे घाल आणि हातोडा ठेव खाली. पेन्शनमधे टाकलेल्या दर ऐंशी पौंडांवर सरकार वीसची भर घालतं. पण वर्षाचा कोटा साठ हजारांचा. तो त्यांनी मागच्याच आठवड्यात भरून टाकला. उरले वरचे छत्तीस हजार. त्यावर सरकारी भर व्हायची सात हजार दोनशे, आणि हिवाळाभर बर्फात बोटं फोडून घेतली की क्लिफर्डच्या हातात नेमके तेवढेच पडायचे. म्हणजे छत्तीस हजार आत गेले तर यंदाच्या नोव्हेंबरात क्लिफर्ड शेकोटीपुढे. नाही गेले तर क्लिफर्ड डोंगरावर, अजून एक हिवाळा.

"म्हणून मागच्या तीन वर्षांचा न वापरलेला कोटा पुढे ओढायचा," टॅमसिन म्हणाली. "सगळ्यात जुनं वर्ष आधी. बावीस-तेवीस साली कोटा चाळीस हजारांचा होता. तुम्ही एक पौंडही भरला नाहीत. त्यातले छत्तीस वापरायचे."

"आणि वरचे चार?"

"ते जातात. पाच एप्रिलनंतर ते वर्ष तीन वर्षांच्या खिडकीबाहेर."

"जातात म्हणजे? कुठं जातात?"

"कुठंच नाही. संपतात."

ज्या चार हजारांचं क्लिफर्डनं कधी तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं, ते असे बेवारशी मरणार, हे त्याला सहन होईना. "ते तरी घ्या की त्यात!"

"नाही घेता येत. वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त नाही भरायचं. तुमची कमाई शहाण्णव."

"मग तुमचा सल्ला काय?"

टॅमसिन एकदम खुर्चीत मागे सरकली. "मी सल्ला देत नाहीये हं. मी फक्त माहिती देतेय. सल्ला द्यायचा परवाना माझ्याकडे नाही."

"मग सल्ला कोण देतं?"

"त्याची माहिती मी देऊ शकते."

ग्लेंडाला खिडकीबाहेरचं काहीतरी फार मजेशीर वाटलं असावं. तिचे खांदे हलत होते.

"आता एकच अडचण," टॅमसिननं फॉर्म पुढे केला. "ज्या वर्षीचा कोटा ओढायचा, त्या वर्षी तुम्ही कुठल्या तरी पेन्शन योजनेत सभासद असायला हवं. पैसे भरले नसले तरी चालेल. पण नाव हवं. आहे का एखादं जुनंपानं?"

"नाही," क्लिफर्ड म्हणाला.

"आहे," ग्लेंडा म्हणाली. खिडकी सोडून ती पहिल्यांदा आत वळली. "सत्त्याण्णव साली. शेतकी जत्रेत बिअरच्या तंबूत तो पेन्शन विकणारा टायवाला बसला होता. महिन्याला वीस पौंड. वर्षभर भरलेस आणि मग व्हॅनला क्लच टाकलास."

"अरे हो! तो टायवाला!"

"त्याचा कागद आला होता. मी तुझ्या हातात दिला आणि म्हटलं, सुरक्षित ठिकाणी ठेव."

"मग ठेवला असणार."

"कुठं?"

क्लिफर्ड कोटाचे खिसे चाचपायला लागला.

"शोधा," टॅमसिन म्हणाली. "कराचं वर्ष रविवारी संपतंय, पण रविवारी ईस्टर आहे आणि शुक्रवारपासून सगळं बंद. पेन्शन कंपनी उद्या दुपारी बारापर्यंतच पैसे घेणार. मी तुम्हाला आणखी माहिती ईमेलनं पाठवते."

घरी येताना व्हॅनमधे क्लिफर्डला वाटलं, आपल्याला सगळं कळलं. असं त्याला व्हॅनमधे नेहमी वाटायचं.

"म्हणजे बघ, ग्लेंडा. तू मला पबमधे आठवड्याला दोन ग्लास बिअरची परवानगी दिलीयेस."

"दिलीय."

"गेल्या तीन वर्षांत मी जिथं जिथं एकच प्यायलो, तिथला एकेक ग्लास मी आज रात्री पिऊ शकतो."

"आधी या आठवड्याचे दोन संपव."

"संपवतो."

"मग सगळ्यात जुन्या वर्षातले घे. पण जेवढी तहान आज कमावली असशील तेवढेच."

"आज बक्कळ कमावलीय."

"आणि मी पबात तुझ्या शेजारीच बसते रे. तू कुठल्याच आठवड्यात एक प्यायलेला नाहीस. सगळीकडे तीन आहेत. त्याला उरलेला कोटा म्हणत नाहीत, थकबाकी म्हणतात."

क्लिफर्डला मगाशी कळलेलं सगळं रस्त्याच्या कडेला सांडून गेलं.

घरात त्यांनी कपाटं उपसली. बिस्किटांचे डबे उघडले. क्लचची पावती सापडली, पेन्शन सापडलं नाही. क्लिफर्ड चहा ढवळत बसला आणि स्वतःशीच पुटपुटत राहिला, सुरक्षित ठिकाण, सुरक्षित ठिकाण. आणि ढवळता ढवळता त्याचा चमचा थांबला.

गडगे रचणाऱ्या लोकांची एक रीत आहे. मोठं काम संपत आलं की गडग्याच्या पोटात, भर घालतात तिथं, एक बाटली ठेवायची. बाटलीत त्या साली चलनात असलेलं नाणं, वर्तमानपत्राचा तुकडा, असलं काहीबाही. दोनशे वर्षांनी जो कुणी तो गडगा उतरवेल त्याला राम राम म्हणून. आणि जो माणूस पंचेचाळीस वर्षं सांगत आलाय की जगात बँक बुडते, छत गळतं, पण नीट रचलेला गडगा हलत नाही, त्याला बायकोनं कागद देऊन म्हटलं की सुरक्षित ठिकाणी ठेव, तर तो दुसरं काय करणार?

"ग्लेंडा," तो हळूच म्हणाला, "सत्त्याण्णव साली मी सन्टरच्या खालच्या कुरणाचा गडगा करत होतो."

ग्लेंडानं बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं. "क्लिफ," ती म्हणाली, "मी तुझ्याशी लग्न केलं त्या वर्षीही माझ्याकडे थोडी अक्कल न वापरता पडून होती."

गुरुवारी सकाळी सातला क्लिफर्ड सन्टरच्या दारात. राल्फ सन्टर सत्तरीचा, तोंडानं तिखट, आणि एप्रिलचा पहिला आठवडा म्हणजे मेंढ्या व्यायचे दिवस, त्यामुळे तीन रात्रींचा जागा.

"गडगा उघडायचाय? माझा?"

"एखादा हात. लगेच लावून देतो."

"का रे बाबा?"

"माझं पेन्शन आहे त्यात."

सन्टरनं जांभई अर्धी सोडली. "लेका, अख्खं खोरं म्हणतं की तू पैसे गडग्यात घालतोस. मला वाटायचं बोलायची पद्धत आहे. एक वार उघड. एकच. पलीकडे एकशेवीस मेंढ्या आहेत पोराबाळांसकट."

क्लिफर्डला पक्कं आठवत होतं. फाटकापासून तिसरा आडवा, आरपार घातलेला दगड, त्याच्या पोटाशी. त्यानं वरचे दगड उतरवले, बाजूला ओळीनं मांडले, भर उपसली. बाटली नाही. मग त्याला आठवलं की तेव्हा फाटक पलीकडे होतं. मग तिकडून तिसरा. तिथंही नाही. मग वाटलं तिसरा नाही, पाचवा. गडगा उतरवणं हे रचण्यापेक्षा फार सोपं आणि फार वाईट काम. हात आपोआप चालत राहतो. अधेमधे तो पाठ ताठ करायला थांबायचा आणि मनात उजळणी करायचा: आधी यंदाचं, मग सगळ्यात जुनं, मग त्याच्या पुढचं. की आधी जुनं? जुनं आधी म्हणजे खालचा थर आधी. पण खालचा थर काढायला वरचा आधी काढावा लागतो. मग यंदाचं वर. बरोबर. म्हणजे वरून सुरुवात करायची आणि एकदम तळाला जायचं, मधलं न हलवता. असा गडगा त्यानं जन्मात उतरवला नव्हता.

साडेदहापर्यंत अकरा वार गडगा जमिनीवर झोपला होता.

आणि तेव्हाच हाताला काच लागली. बाटली! शेवाळलेली, बूच कुजलेलं, पण बाटली. आत कागदाची सुरळी. क्लिफर्डनं ती उलगडली. वर टायवाल्याच्या कंपनीचं नाव होतं. खाली 'प्रिय मिस्टर आयव्हसन' होतं. त्याच्या खाली, 'तुमच्या पॉलिसीचा क्रमांक' असं ठळक लिहिलं होतं. आणि त्याच्यापुढे भोक होतं.

साधंसुधं भोक नव्हे. कडा नाजूक नक्षीच्या. शंखातल्या गोगलगाई कागद खातात हे क्लिफर्डला ठाऊक होतं. त्यांना आकडे जास्त आवडतात, हे ठाऊक नव्हतं. तारीख खाल्ली होती, रक्कम खाल्ली होती, क्रमांक खाल्ला होता. 'ही सूचना काळजीपूर्वक जपून ठेवा' एवढं वाक्य पुसटसुद्धा झालं नव्हतं.

क्लिफर्ड दगडावर बसला. एक हिवाळा. समोरच्या उघड्या डोंगराकडे बघून त्याला त्याचा गारठा आत्ताच बोचायला लागला. बसल्या बसल्या त्याच्या उशिरा ध्यानात आलं की मघापासून काहीतरी त्याच्या पायाशी घासून जातंय, आणि ते मेंढरू आहे, आणि त्याच्यामागे आणखी आहेत, आणि सगळी त्या अकरा वारांतून शिस्तीत, आयांसकट पिल्लं, शेजारच्या चर्चच्या आवारात चाललीयेत. तिथं ईस्टरसाठी बायकांनी लावलेल्या पिवळ्या डॅफोडिल्सच्या रांगा होत्या.

"आयव्हसन!" वरच्या अंगाला सन्टरची चारचाकी फटफटी गुरगुरली. "एक वार म्हणालो होतो, एक! तुझा वार केवढा असतो रे?"

तेवढ्यात खालच्या वाटेनं ग्लेंडा आली, एप्रनसकट, एका हातात क्लिफर्डचा फोन आणि दुसऱ्या हातात कागद. धापा टाकत होती.

"सापडलं!" ती ओरडली.

"नाही," क्लिफर्ड म्हणाला. "गोगलगाईनं खाल्लं."

"काय खाल्लं? अरे, मला सापडलं! ती टॅमसिनची ईमेल. पहिले चार परिच्छेद हवामान आणि ईस्टरच्या शुभेच्छा, आणि पाचव्यात लिहिलंय की जुनी पेन्शन शोधून द्यायची सरकारी सोय आहे. फुकट. कंपनीचं नाव घातलं, तर निघालं की तिचं आतापर्यंत चारदा बारसं झालंय. शेवटच्या नावाला फोन लावला."

"आणि क्रमांक?"

"लागलाच नाही. जन्मतारीख आणि सरकारी विम्याचा नंबर पुरला. तू अजून सभासद आहेस. तीनशे अकरा पौंड आहेत तुझे. हे बघ, ईमेलनं पत्रही पाठवलं त्यांनी."

क्लिफर्डनं पत्राकडे बघितलं, मग अकरा वारांकडे. "पण ते तर फक्त माझ्याशीच बोलतात. असल्या कंपन्या बायकोशी बोलत नाहीत."

"म्हणून तर मी घसा खरवडला आणि तू झाले." ग्लेंडानं आवाज जाडा करून दाखवला. "'आयव्हसन बोलतोय. पेन्शन बघायचंय.' ती पोरगी म्हणाली, सर, आईचं लग्नाआधीचं नाव सांगा. मी फटकन सांगितलं. तुला आठवलं असतं का?"

क्लिफर्डनं आठवून बघितलं. आठवलं नाही.

"आता ऐक. सव्वाअकरा झालेत. फॉर्म भरून पाठवलाय. बँकेतून अठ्ठावीस हजार आठशे सोडायचे, की सरकार घालणार वरचे. फक्त तुझा अंगठा हवा."

"अठ्ठावीस? छत्तीस ना?"

"आपले अठ्ठावीस आठशे, त्यांचे सात दोनशे. मिळून छत्तीस. आत्ता विचारू नकोस. अंगठा!"

क्लिफर्डनं अंगठा पँटीला पुसला आणि फोनवर टेकवला. फोननं ओळख दिली नाही. पुन्हा टेकवला. डावा टेकवला. पंचेचाळीस वर्षं दगड घासून त्या अंगठ्यावर रेघ म्हणून उरली नव्हती. बँकेच्या दृष्टीनं तो अंगठा नव्हताच, ती एखादी वस्तू होती.

'ओळख पटली नाही. तुमच्या फोनवर संदेश पाठवत आहोत,' असं बँकेनं कळवलं, आणि फोनच्या कोपऱ्यातली उरलीसुरली एक काडी विझली.

"रेंज गेली!" ग्लेंडा म्हणाली. "क्लिफ, रेंज कुठं येते?"

"वरच्या खुणेच्या दगडापाशी. चालत पाऊण तास."

दोघांनी एकदम सन्टरकडे बघितलं. सन्टर फटफटीवरून उतरून मेंढ्यांना हाकारत होता आणि अधूनमधून क्लिफर्डच्या घराण्याचा उद्धार करत होता.

"राल्फ," ग्लेंडा म्हणाली, "तुझी गाडी दे."

"माझी मेंढरं देवाघरची फुलं खातायत, बाई!"

"खाऊन झाली की थांबतील. बारानंतर ह्याला अजून एक हिवाळा काम करावं लागेल, आणि तो माझ्या घरी येऊन रोज सांगेल त्याबद्दल. मी तुझ्याकडे येऊन सांगेन."

सन्टर वाटेतून बाजूला झाला. किल्ली गाडीलाच होती.

ग्लेंडानं चालवली. क्लिफर्ड मागे, एका हातानं तिला धरून आणि दुसऱ्या हातानं फोन आभाळात धरून. ओढा आला, फोन वर. चढ आला, फोन वर. गुडघा प्रत्येक दगडाची बातमी देत होता. खुणेच्या दगडापाशी पोचले तेव्हा अकरा पन्नास झाले होते. फोन एकदम किणकिणला. आधी दुकानातल्या ऑफरचा संदेश आला. मग टॅमसिनचा, की काही शंका असल्यास माहिती देण्यास आनंद वाटेल. मग बँकेचा, सहा आकडे. क्लिफर्डनं ते मोठ्यानं वाचले, ग्लेंडानं ठोकले, एक चुकला, पुन्हा सगळे ठोकले. फोनवर एक गोल चाक फिरायला लागलं. दोघं त्या चाकाकडे टक लावून बसले. अकरा छप्पन्नला चाक थांबलं आणि तिथं हिरवी खूण आली.

"गेले?" क्लिफर्डनं विचारलं.

"गेले. आणि तिकडं पोचले. हे बघ, कंपनीची पोच."

"म्हणजे आपण बावीस-तेवीसचे छत्तीस वापरले."

"हो."

"जे आपल्याकडे नव्हते."

"पैसे होते. कोटा वापरलेला नव्हता."

"आणि आता तो कोटा नाही, पण पैसे आहेत."

"पैसे आता पेन्शनमधे आहेत. चल खाली."

क्लिफर्डनं मान डोलावली. वाऱ्यात ती जरा जास्तच डोलली.

खाली सन्टर दोन कुत्र्यांच्या मदतीनं मेंढ्या कोंडून, चर्चच्या भिंतीला टेकून उभा होता. डॅफोडिल्सच्या जागी ओळीत देठ होते. "रविवारी बायका मला जिवंत गाडतील," तो म्हणाला. "जाऊ दे. ह्या भगदाडाचं काय?"

क्लिफर्डनं अकरा वार नजरेनं मोजले. चांगला गडी दिवसाला तीन वार करतो. गुडघे गेलेला अडीच. शुक्रवार, शनिवार, ईस्टर, सोमवार, आणि वर मंगळवारचा थोडा. सगळं फुकट.

"सोमवारपर्यंत बराचसा होईल," तो म्हणाला, आणि गुडघा धरत खाली वाकून पायाचा दगड सारखा करायला लागला. ग्लेंडा एप्रन सावरून शेजारी बसली आणि बारीक चिपा वेगळ्या काढून देऊ लागली. तिला कुठली चीप कुठं बसते हे चाळीस वर्षांत बघून बघून ठाऊक झालं होतं.

सन्टर भिंत सोडून जवळ आला. माणूस कुरकुर न करता काम करताना दिसला की त्याच्या डोक्यात आणखी कामं उगवायची. "क्लिफ," तो जरा गोड आवाजात म्हणाला, "वरच्या अंगाचाही एक पट्टा ढासळलाय रे. तीसेक वार. घाई नाही. नोव्हेंबरात बघ. पैसे देईन रोख."

क्लिफर्डचा हात दगडावर थांबला. पंचेचाळीस वर्षांची सवय. तोंड आपोआप उघडलं. "तीस वार म्हणजे... दगड तिथलाच आहे का आणायचा?"

"राल्फ," ग्लेंडा मान वर न करता म्हणाली, "हा रिटायर झालाय. बारा वाजायला चार मिनिटं कमी असताना."

"मग हे काय करतोय?"

"हे काम नव्हे, अपघात आहे," ग्लेंडा म्हणाली आणि क्लिफर्डच्या हातात पुढची चीप ठेवली.